नॉर्मल रिपोर्टचे पेढे

कस्तुराबाई लेकीबरोबर क्लिनिकमधून परतल्या त्या पेढे घेऊनच. शेजारच्या विजयश्रीच्या हातावर एक ठेवला, "आमच्या आम्रपालीचा रिपोर्ट नॉर्मल आला गं बाई," म्हणाल्या, आणि मग कुठं चपला काढून घरात शिरल्या.

आम्रपाली स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. खांद्याला पर्स तशीच. आईनं पेढा तोंडाजवळ नेला, तर तिनं मान फिरवली.

"अगं घे की! डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, ऑटिझम नाही. एवढी चांगली बातमी, आणि तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं."

"मला नाही ती चांगली वाटत, आई."

आता काय म्हणावं या पोरीला! चौतिशीची बाई, चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या पार्टची डिझाइनं करते, आणि रुसते मात्र बालवाडीतल्यासारखी. कस्तुराबाईंनी पेढा बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवला, पदर खोचला, वरण-भाताचा कुकर गॅसवर चढवला आणि परातीत पीठ घेतलं.

"मला वाटलं होतं, याला एक नाव मिळेल," आम्रपाली म्हणाली. "कँटीनचा गोंगाट सोसत नाही म्हणून मी डबा कंपनीच्या उभ्या बसमध्ये बसून खाते. सगळे मला शिष्ट म्हणतात. सिद्धेशदादाच्या लग्नातून डीजे सुरू झाल्यावर उठून आले, तर काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. नाव मिळालं असतं तर निदान कळलं असतं, मी मुद्दाम करत नाही. आता काय? ऑटिझम नाही, म्हणजे माझा स्वभावच वाईट."

कस्तुराबाईंचा हात पिठात थांबला.

"मोठेपणीचं बरंच जुळतंय म्हणाल्या त्या," आम्रपालीनं डोळे पुसले. "लहानपणचं काहीच जुळलं नाही. लहानपणचं तर मला बाहेर बसवून तुलाच विचारलं होतं ना? तू काय सांगितलंस?"

"काय म्हणजे? चांगलंच सांगितलं." कस्तुराबाईंनी मान ताठ केली. "मैत्रिणी होत्या का म्हणाल्या. म्हटलं, अख्ख्या चाळीची लाडकी! चारचौघांत मिसळायची का? म्हटलं, दुधात साखर. हट्ट, रडारड? नाव नाही. आवाजाचा त्रास? छे छे!"

"आई! ती काय स्थळाची माणसं होती?"

"मग परक्या बाईपुढं लेकीचं उणं काढू?" कणीक जोरात तिंबली जाऊ लागली. "ती सगळं लिहून घेत होती. एकदा लिहिलेलं पुसता येतं का? उद्या ते दाखवून कुणी तुला हिणवलं, तर भांडायला मी असणार आहे का?"

आम्रपालीनं खांद्याची पर्स काढून ओट्यावर ठेवली. रागवावं तरी कसं या बाईवर?

कुकर फुसफुसायला लागला. "लहानपणी तुला काही म्हणजे काही नव्हतं," असं म्हणता म्हणताच कस्तुराबाई वळल्या आणि पिठाच्या हातांनी त्यांनी लेकीचे दोन्ही कान झाकले. शिट्टी झाली. हात निघाले आणि पुन्हा परातीत गेले.

आम्रपाली कानाला लागलेलं पीठ चाचपत राहिली.

"आई, हे कधीपासून करतेस?"

"काय गं?"

"माझे कान झाकतेस ते."

"रांगत होतीस तेव्हापासून. शिट्टी झाली की किंचाळून काळीनिळी व्हायचीस. तुझे पप्पा म्हणायचे, देऊन टाक तो कुकर कुणाला. आणि चौदा एप्रिलला? सगळी चाळ मिरवणुकीत, आणि मी तुला गोधडीत गुंडाळून मोरीत बसलेली. दरवर्षी."

"हे सांगितलंस त्यांना?"

कस्तुराबाई खरोखरच बुचकळ्यात पडल्या.

"अगं, त्यांनी कुकरचं कुठं विचारलं?"

आम्रपालीला हसू फुटलं. खूप हसली आणि हसता हसता रडायला लागली. कस्तुराबाई आधी तिच्याकडं, मग स्वतःच्या हातांकडं बघत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज पार खाली आला होता.

"मला वाटलं, सगळ्याच आया करतात."

"नाही गं, आई."

"उद्या फोन लाव त्या बाईंना. सगळं सांगते. कुकरचं, मिरवणुकीचं, सगळं. मग त्या काय म्हणायचं ते म्हणू देत. पण माझी पोर वाईट नाही, हे आधी लिहून घ्या म्हणावं."

कुकर पुन्हा फुसफुसला. कस्तुराबाईंनी लेकीचे कान झाकले. शिट्टी झाली, थांबली, आणि पुढं कितीतरी वेळ त्यांनी हात काढलेच नाहीत.