मातीचे मोती

“बाबा, बघा! मी मात्रा दिली!”

पेंटरच्या हातातला चहा हिंदकळला. ‘मातीची भांडी’ अशी झोकदार अक्षरं काढून त्याने पाटी वाळायला भिंतीशी ठेवली होती. कुंभारीण संध्याकाळी न्यायला येणार होती. आता पाटीवर ‘मोतीची भांडी’ होती. लाल मात्रेचा ओघळ खालपर्यंत आला होता, आणि पहिलीतली धाकटी ब्रश हातात घेऊन शाबासकीची वाट बघत होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा राग साऱ्या गल्लीला ठाऊक होता. गेल्या वर्षी थोरलीचे गणिताचे मार्क बघून त्याने रंगाचा डबा भिंतीवर फेकला होता. डाग त्याने दुसऱ्याच दिवशी रंगवून टाकला. थोरली मात्र तेव्हापासून ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे त्याच्याशी बोलली नव्हती. तिने पुन्हा मोकळेपणी बोलावं, याहून त्याला दुसरं काही नको होतं. “अहो, पोरी ऐकून नाही, बघून शिकतात,” बायको म्हणायची. म्हणून तोच राग आवरायला शिकत होता. चाळिशीत मुळाक्षरं गिरवणं सोपं नसतं.

आताही थोरली धावत दारात आली होती, धाकटीला आत ओढायच्या तयारीत.

पेंटरने कप खाली ठेवला. “मला राग आलाय,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “खूप आलाय. जरा हात धुऊन येतो, मग बोलू.”

हात स्वच्छच होते. तरी नळ बराच वेळ वाहत राहिला.

परत आला तेव्हा त्याचे कान अजून लाल होते. तो धाकटीसमोर उकिडवा बसला. “मात्रा झकास आहे. पण पाटी दुसऱ्याची आहे. न विचारता हात लावायचा नाही. चल, पुसू.”

“तुमचा राग गेला?”

“निघालाय. चपला घालतोय.”

धाकटी खुदकन हसली. खालची अक्षरं वाळलेली होती. टर्पेंटाइनच्या बोळ्याने मात्रा निघून आली आणि मोत्यांची पुन्हा माती झाली.

तेवढ्यात थोरली येऊन शेजारी फरशीवर बसली. पाटीकडे बघत एका दमात म्हणाली, “बाबा, मी गणिताच्या क्लासला जातच नाहीये. मला काही कळत नाही तिथे. बागेत जाऊन बसते.”

पेंटरचा आनंद पोटात मावेना. गल्लीभर ओरडत सुटावंसं वाटलं त्याला: माझी पोर क्लास बुडवते, आणि ते तिने आपणहून मला सांगितलं!