निळी चांदणी

तारापूरच्या कामावर वेल्डर असलेल्या चंद्रभाननं तीन वर्षांनी बायकोला नगरकडच्या गावाहून बोईसरला आणलं. पहिल्याच दिवशी, दिवेलागण झाल्यावर, खोलीबाहेर बाज टाकून तो तिला मृगाच्या चांदण्या दाखवायला लागला.

"ती तांबडी बघ, अन् ही खालची निळी. लोकांना वाटतं, तांबडीच जास्त तापलेली. पण गॅसची ज्योत पिवळी असते तोवर लोखंड दाद देत नाय. निळी झाली की पाणी पाणी होतं त्याचं. आमचे साहेब म्हणाले, चांदण्यांचंबी तसंच हाय."

सकाळी गाडीतून उतरल्यापासून साखरबाई 'हो'-'नाय'च्या पुढं गेली नव्हती.

"तू मात्र गुणाची," तो कौतुकानं म्हणाला. "तीन वर्षं माझ्याबिगर काढलीस, पण कधी चिडली नाहीस, रडली नाहीस. आई दर पत्रात लिहवून धाडायची, सून अगदी शांत हाय म्हणून."

साखरबाई निळ्या चांदणीकडं बघत राहिली.

"किती लांब असंल हो ती?"

"लई लांब. मोजता यायचं नाय."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "एवढ्या लांबून गारच दिसायची ती."