पूजेचा नारळ

ॲसिडची टाकी फायबरची असते, थरावर थर चिकटवून बनवलेली. तिला जोराचा ठोका बसला की वरून ओरखडाही दिसत नाही, पण आतले थर सुटतात आणि तडा त्यांच्यामधून पसरत जातो.

म्हणून बीरगावच्या आमच्या कारखान्यात विश्वकर्मा पूजेला मालक उदयभैयांनी नव्या टाकीवर नारळ आपटायला हात उचलला, तेव्हा मी ओरडले, "भैया, दगडावर फोडा."

"शुभ कामात काहून टोकून राहिल्या मॅडम?" म्हणत त्यांनी नारळ टाकीवरच फोडला. मग त्या जागेवरून हात फिरवला. "पहा, काही झालं काय?"

दोन महिन्यांनी टाकी नेमकी तिथेच फाटली. खाली काम करणाऱ्या रामखिलावनचे दोन्ही पाय भाजले. फाटलेला तुकडा मी मालकांच्या टेबलावर आपटला आणि सुटलेले थर बोटांनी उलगडून दाखवले. "हव, समजलं मले," ते म्हणाले.

आज दुसरी टाकी बसली.



पूजेत मी पुन्हा टोकू नये म्हणून मला गेटबाहेर उभं केलं, आणि टाकीवर या वेळी पाच नारळ फोडले.