घराला एक बाटली

हंबीररावांनी बाटली टेबलावर ठेवली तेव्हा पुण्याहून आलेल्या औषध-तपासनीस साहेबांचं भाषण अजून औषधांच्या बोटीवरच होतं. परदेशातून औषध निघताना तिथे काय तपासतात, आपल्या बंदरात काय तपासायला हवं, नवा कायदा लागू झाला की दुकानदारानं काय सांभाळायचं, हे ऐकायला सातारा-सांगलीचे औषधवाले सांगलीत जमले होते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बनावट मालाचा विषय निघाला की जो तो शेजाऱ्याकडे बघत होता.

"ह्यात कोयनेल हाय का नुसतं पानी, तेवढं सांगा," हंबीरराव म्हणाले. "सून गेली माझी ह्या औषधावर. पोरगं पल्टणीतनं घरला येतंय. बायको कशानं मेली इचारंल, तर काय सांगू त्येला?"

मेळावा भरवणारे चिंतामणराव उठून उभे राहिले. बाटली त्यांच्याच दुकानची होती. हिवतापाच्या साथीत कोयनेल, म्हणजे क्विनीन, मिळेनासं झालं, तेव्हा घराला एकच बाटली, असा नियम त्यांनीच घातला होता. हंबीररावांची सून अंजना तापल्या अंगानं कृष्णाकाठच्या गावाहून चालत आली होती आणि आपल्या घराची बाटली घेऊन गेली होती.

"साहेब, इथंच तपासा. सगळ्यांदेखत," ते म्हणाले. "खोटं निघालं तर आज दुकान बंद करतो."

सगळे अंगणात आले. साहेबांनी पेलाभर पाण्यात औषधाचे थोडे थेंब टाकले, पेला उन्हात नेला आणि त्याच्यामागे आपल्या काळ्या कोटाची बाही धरली. पाण्याच्या कडेला निळसर झाक उमटली.

"क्विनीन आहे. अस्सल आहे."

चिंतामणरावांनी खांबाला हात टेकला.

"तुमी समदे एका धंद्यातले," हंबीरराव म्हणाले. "निळं-काळं मला कळत न्हाई. चव बघू द्या."

"चवीवरून ठरत नाही, बाबा. कडू पुष्कळ गोष्टी असतात."

तरी हंबीररावांनी तळहातावर चार थेंब घेतले आणि जिभेला लावले. आधी जीव नकोसा करणारा कडूपणा. मग त्याच्या मागून संत्र्याच्या सालीचा वास. कडूपणा जरा सोसवावा म्हणून चिंतामणराव तो अर्क घालत. सगळ्या जिल्ह्यात दुसरं कुणी घालत नसे.

हंबीररावांचा हात तोंडापाशीच राहिला.

"नेमानं घेत होती ना ती?" चिंतामणरावांनी हळूच विचारलं.

हंबीरराव पायरीवर बसले.

"ताप मलाबी हुता," मग ते म्हणाले. "रोज वाटीतनं काढा आनून द्यायची, ह्याच संत्र्याच्या वासाचा. म्हनायची, गुळवेल हाय मामंजी, डोळं मिटून घ्या."