लाचारीचं कार्ड

‘लाचारी’च्या कार्डावर अजून उदाहरण नव्हतं, आणि चार वाजता छापखान्याचा माणूस यायचा होता.

छापखान्याच्या फोरमनचे दुपारपासून दोन फोन येऊन गेले होते. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, “लाचारी उरका हो लवकर. मागे वात्सल्य खोळंबलंय.” मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी हा निरोप मोठ्यानं सांगितला तेव्हा संपादकसुद्धा हसले.

कोश भावनांच्या आणि नीतीच्या शब्दांचा होता. त्याचा एक नियम होता. अर्थ विचार करून लिहावा, पण उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही. ते कोशाच्या माणसानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. वाक्याखाली तारीख आणि बोलणाऱ्याचा व्यवसाय. ‘मत्सर’ याच इमारतीच्या जिन्यावर सापडला होता, ‘कृतज्ञता’ न्हाव्याच्या दुकानात. एकवीस वर्षांतली सगळी कार्डं लेखनिकाच्या हातची होती. अक्षरामुळे ऑफिसात त्याला मास्तर म्हणत. त्यानं खोडलेलं वाक्यही वाचावंसं वाटे.

‘लाचारी’ मुळात अर्थावरच अडली होती. तीन दिवस संपादकांचं आणि लेखनिकाचं जमत नव्हतं.

“लाज संपते तिथे लाचारी सुरू होते,” संपादक म्हणाले. “लिहून टाका, मास्तर.”

“नाही पटत, सर. लाचार माणसाला लाज वाटतेच. म्हणून तर तो मान खाली घालतो. ज्याला वाटत नाही तो निर्लज्ज. त्याचं कार्ड कधीच छापून गेलं.”

“तुम्ही कुणा लाचाराला बोलताना ऐकलंय?”

“नाही. असं समोर बसून नाही.”

“मीही नाही.” संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. “तुम्ही दोघं या एका शब्दावर म्हातारे होणार,” बाई आपल्या टेबलावरून म्हणाल्या.

संपादकांनी पेनाचं टोपण काढलं आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

“बसा, मास्तर. खरं तर आज सांगणार नव्हतो. विश्वस्तांचं पत्र आलंय. एक तारखेपासून तुमची जागा रद्द झालीय.”

लेखनिक खुर्चीच्या कडेवर टेकला. “बरं,” तो म्हणाला. “आणि विमा?”

“तो नोकरीबरोबरच संपतो.”

लेखनिकाची बायको मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जायची. त्याचा खर्च ऑफिसच्या विम्यातून व्हायचा. त्या दोन्ही दिवशी लेखनिक अर्धी रजा घ्यायचा. अर्जावर सही संपादकांची असायची, आणि त्याची राहिलेली कार्डं बाई क्रमानं लावून ठेवायच्या.

“सर, जागा नको मला. शिपाई म्हणून ठेवा.”

“शिपाई आहे आपल्याकडे.”

“त्याच्या हाताखाली ठेवा. कपाटं पुसतो. पगारही नको. नाव फक्त हजेरीपटावर राहू द्या. ती जाईल हो, सर. महिनासुद्धा निघायचा नाही.”

“माझ्या हातात काही नाही.”

लेखनिक पुढे झुकला. टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

“मग बाईंना काढा,” तो म्हणाला. “त्यांचा नवरा कमावतो. त्यांचं काही अडणार नाही. मुद्रितं मी तपासीन. बाईंना काढा, सर.”

खोलीत फक्त पेनाचा आवाज येत होता. संपादक ओळ पूर्ण करून थांबले.

“पत्रबित्र काही नाही,” ते म्हणाले. “जागा आहे. विमाही आहे. पाणी घ्या.”

त्यांनी स्वतःच पेला त्याच्यापुढे सरकवला. लेखनिकानं पाणी घेतलं नाही. त्याला अजून नीट कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि हात टेबलाची कड सोडत नव्हते.

“राग मानू नका. वेळ थोडा होता, आणि रचलेलं वाक्य आपण घेत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.” संपादक अगदी हळू बोलत होते. “एक मात्र सांगतो. तुम्ही मान खाली घातली नाहीत. शेवटपर्यंत सरळ माझ्याकडे बघत होतात. मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं.”

लेखनिकानं टेबलाची कड सोडली.

“मग अर्थ माझा ठेवायचा?”

“ठेवा, सर.”

त्यानं दौत उघडली. लाचारी. अर्थाची ओळ. मग उदाहरण: ‘बाईंना काढा. त्यांचा नवरा कमावतो.’ खाली आजची तारीख. व्यवसायाच्या जागी त्याचा हात क्षणभर अडला. मग त्यानं ‘लेखनिक’ असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, एका रेषेत, गोल.

“बाई, एकदा नजरेखालून घाला,” संपादक म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. लेखनिकालाच कार्ड घेऊन त्यांच्या टेबलापाशी जावं लागलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं आणि चष्मा सारखा करून प्रत्येक शब्दावर लाल पेन्सिल टेकवत वाचलं. दारात छापखान्याचा माणूस येऊन उभा राहिला होता.

“मास्तर, वाक्य अपुरं आहे,” बाई म्हणाल्या. “‘बाईंना काढा’ तुम्ही दोनदा म्हणालात.”

लेखनिकानं संपादकांकडे पाहिलं. संपादकांनी आपला कागद पाहिला आणि मान हलवली.

तो कार्ड घेऊन जागेवर आला. ओळीच्या शेवटी थोडी जागा होती. तिथे ते दोन शब्द त्यानं पुन्हा लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत, एखाद्याच्या भाजलेल्या बोटावर घालावी तशी, त्यावर हलकेच फुंकर घालत राहिला.