काचेची बारव

भट्टीचं झाकण वल्लरीने दोन्ही हातांनी धरलं. पलीकडची कड तिच्या बाबांच्या हाताखाली काम केलेल्या भीमरावांनी उचलली.

"साहेब सहाव्या दिवशीच फट पाडून बघायचे," ते म्हणाले. "राहवायचंच न्हाई त्यांना."

त्या फटीतून गार वारा जायचा आणि आतली लादी तडकायची. पाच लाद्या अशाच गेल्या होत्या. ही सहावी. बारा जाड काचा एकावर एक रचून, वितळवून एक केलेली. बाबांनी भट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मग दहावा, तेरावा. वाघोलीच्या शेडकडे कुणी फिरकलंच नाही.

झाकण वर गेलं. लादी अखंड होती. कडांना हिरवट, मधे नितळ.

"साहेब असते तर फुटली असती," भीमराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

वल्लरी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"खरंय. बाबांनी आयुष्यात एकदाच धीर धरला."

लादी दोघांनी मिळून कोरायच्या टेबलावर आणली. समोर भिंतीवर बाबांनी काढलेलं चित्र होतं. चौकोनी बारव, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी विहीर, एका काचेची एक पायरी. अकरा पायऱ्या आणि तळ. वल्लरीने हिऱ्याच्या चाकाचं हातयंत्र घेतलं, त्याच्या नळीचं पाणी सोडलं. शाळेत असल्यापासून ती बाबांच्या शेजारी बसून काच कोरत आली होती. पण पातळ काच. एवढी जाड कधीच नाही.

"ताई, आत ताण राहिला असंल तर चाक टेकताच दोन तुकडे हुतील. ठिवून द्या. आठवण हाय."

"आठवण म्हणून लादी ठेवू? त्यांना बारव करायची होती."

तिने मधोमध चाक टेकवलं. काच किंचाळली. भीमरावांनी तोंड फिरवलं. वल्लरीने फिरवलं नाही.

तासाभराने तिने यंत्र बंद केलं. पहिली पायरी उतरली होती. चारही कोपरे काटकोनात, कुठे केसाएवढीही चीर नाही. चाकावरून गळलेलं पाणी त्या उथळ चौकोनात साचलं होतं आणि त्याच्या खाली उरलेल्या अकरा काचांचे थर दिसत होते.

भीमराव बराच वेळ वाकून बघत राहिले. मग चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"इहिरीला पाणी लागलं की आमच्यात नारळ फोडत्यात. आणतो."

"आणा," वल्लरी म्हणाली. "पण बाहेर फोडा."