झाडाखालची नवी पाटी

झाडाच्या बुंध्यापाशी हिरवी पाटी नव्याने लागली होती. क्षिप्राने ती वाचली आणि पूजेचं तबक हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"राधिकाताई, हा वड नाहीये."

"म्हणजे?"

"इंडियन रबर ट्री, असं लिहिलंय."

मॅकरिचीच्या जंगलात, जलाशयापासून आत शिरणाऱ्या पायवाटेवर, चार बायका साड्यांखाली स्पोर्ट्स शूज घालून उभ्या होत्या. अधिक महिन्यामुळे यंदा वटपौर्णिमा जूनअखेर आली होती, तीही शनिवारी, त्यामुळे कुणाला रजा टाकावी लागली नव्हती. माकडांच्या भीतीने आंबे-केळी सॅकमध्ये कोंबली होती. आणि गेली काही वर्षं ज्याला सूत गुंडाळून सात जन्म मागितले, ते झाड रबराचं निघालं होतं.

नीता हसत सुटली. "तरीच! आमचे हे कितीही ताणले तरी तुटत नाहीत."

"पुण्याला कळवू नका हं कुणी," सविताताई म्हणाल्या. त्या चौघींत वडील, इथल्या तोआ पायोह भागातल्या जुन्या रहिवासी. "माझ्या सासूबाई सगळ्या वर्षांची पूजा परत करायला लावतील."

"माझं तर पहिलंच आहे," क्षिप्रा रडवेली झाली. पुंगोलच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते.

"शोधलं कुणी होतं हे झाड?" नीताने विचारलं.

"मी," राधिका म्हणाली.

ती सकाळ तिला आठवत होती. पानं जरा मोठी वाटली होती, जाड, चकचकीत. पण पारंब्या होत्या, ऊन चढलं होतं, बायका दमल्या होत्या. 'हाच,' असं ती म्हणून गेली. पुढे कुणी विचारलं नाही आणि तिनेही पुन्हा वर पाहिलं नाही.

"देवाला पत्ता बरोबर सापडतो," सविताताईंनी निकाल दिला. "चला, उरका. पाऊस यायच्या आत बसस्टॉप गाठायचाय."

हळदकुंकू वाहून झालं. मग सुताचं रीळ हातोहात फिरू लागलं. आधी सविताताई, मग नीता, मग क्षिप्रा. झाडाच्या कमरेला पांढरा पट्टा जाड होत गेला. तो तिथे ठेवायचा नसे. पहिल्याच वर्षी फिरायला आलेल्या एका चिनी आजोबांनी "आंटी, कॅनॉट टाय, लाह" म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून शेवटी सूत उलगडून पिशवीत भरायचं काम राधिकाचं.

ती एका मुळावर बसून बघत होती. पायाला मुंगी डसली होती; नीता डास मारू लागली, तेव्हा कुठे तिचं स्वतःच्या पायाकडे लक्ष गेलं. तिचा नवरा प्रबोध फेब्रुवारीत दोन सुटकेसा घेऊन गेला, तेव्हापासून हे असं होतं. काही लागलं तरी उशिरा पोचायचं, किंवा पोचायचंच नाही. विचारणाऱ्यांना ती सांगे, जकार्ताला असतो हल्ली, कामाचं फार आहे. आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. राधिकाने मूठ झाकली होती. आता बोटं आखडली होती, एवढंच.

"हं, तू घे." सविताताईंनी रीळ पुढे केलं.

घेतलं असतं तर आणखी एक वर्ष निभावलं असतं.

"मी नाही करत."

"अगं, अडचण आहे का?" नीताने आवाज खाली आणला. "आधी नाही का बोलायचं? लांबून नमस्कार कर. चालतं."

तिघी तिच्याकडे पाहत होत्या, समजुतीने. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"अडचण नाही," राधिका म्हणाली. "प्रबोध घर सोडून गेला. फेब्रुवारीत. आता येणार नाही."

रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात सोमवारच्या मीटिंगला ती आकडे वाचून दाखवायची, तसाच आवाज निघाला. वर कुठेतरी माकडाने फांदी हलवली. क्षिप्राने पदर सावरला, पुन्हा सावरला.

"पण तू तर म्हणाली होतीस, जकार्ता..." नीता म्हणाली.

"म्हणाले होते."

आता कुणीतरी जवळ येईल, पाठीवर हात ठेवेल, असं राधिकाला वाटलं. तसं झालं तर काय करायचं, तेही सुचेना. सविताताई जवळ आल्या, पण हात ठेवला नाही. रीळ खाली ठेवून त्या तिच्याकडे नीट बघत राहिल्या.

"मग सकाळपासून उपाशी कशाला आहेस?"

राधिकाने विचार केला. "सवयीने."

सविताताईंनी सॅकची चेन उघडली, घडातलं एक केळं तोडलं आणि तिच्या हातात दिलं. "खा. माकडं यायच्या आत."

तिने खाल्लं. चव लागली नाही, पण संपवलं. साल कुठे टाकावी म्हणून ती इकडेतिकडे पाहू लागली, तेव्हा नीताने हात पुढे केला.

आभाळ भरून आलं. तबक पुसलं गेलं, सॅक पाठीवर चढल्या. क्षिप्रा झाडाकडे वळली. "सूत मी काढते, ताई. तुम्ही बसा."

"राहू दे. ते माझंच काम आहे."

टोक सापडायला थोडा वेळ लागला. सविताताई पिशवीचं तोंड उघडं धरून उभ्या राहिल्या. राधिका चालू लागली, झाड डाव्या हाताला ठेवून, बाकीच्या फिरल्या होत्या त्याच्या उलट दिशेने. एकेक वेढा सुटत होता, ओलसर सूत बोटांवरून सरकत होतं. तिघींचं सूत होतं, फेऱ्या बऱ्याच होत्या.

मध्येच कुठेतरी तिने वर पाहिलं. पानं खरंच मोठी होती.